तंत्रशंका-समाधान : जागा होताच पुन्हा झोपणारा टॅबलेट

मराठवाड्यातील वाचकांच्या पत्रांमध्ये अलीकडे टॅबलेटच्या पॉवर बटणाचा विषय वारंवार येतो आहे. त्याचे कारण उघड आहे. विंडोजसाठी बनवलेले आठ-दहा इंची जुने टॅबलेट वापरलेल्या मालाच्या बाजारात स्वस्तात मिळतात, विंडोज त्यांवर रखडत चालते, म्हणून हौशी मंडळी त्यांवर लिनक्स बसवतात. आणि पडदा, स्पर्श, आवाज असे सगळे मार्गी लागल्यावर गाडी नेमकी बटणापाशी अडते. या वेळी त्यांपैकी एका पत्राला सविस्तर आणि बाकीच्या पत्रांना गरजेपुरते उत्तर देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे इंटेलच्या चेरी ट्रेल प्रोसेसरचा जुना टॅबलेट आहे. त्यावर लिनक्स बसवून तो मी गावातल्या अभ्यासिकेत मुलांना पुस्तके वाचण्यासाठी ठेवला आहे. पॉवर बटण दाबले की तो झोपतो, इथपर्यंत ठीक आहे. परंतु जागा करण्यासाठी पुन्हा बटण दाबले, की पडदा क्षणभर उजळतो आणि टॅबलेट परत झोपी जातो. ड्रायव्हरच्या कोडमध्ये ‘जागे झाल्यापासून दोन सेकंद बटणाकडे दुर्लक्ष कर’ अशी सोय मी करून पाहिली. त्याने पुष्कळ फरक पडला, पण कधी कधी तो तरीही झोपतो, आणि कधी कधी बटण एकदा दाबलेले वायाच जाते. नेमके कुठे चुकते आहे?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आपल्या टॅबलेटचे बटण बिघडलेले नाही आणि रूढ अर्थाने ड्रायव्हर, म्हणजे बटण हाताळणारा प्रोग्रामही, बिघडलेला नाही. जागे करण्यासाठी दाबलेले बटण आणि झोपवण्यासाठी दाबलेले बटण यांत कोणीच फरक केलेला नाही, एवढाच हा घोटाळा आहे. रात्री दाराची कडी वाजवून घरच्यांना उठवावे, आणि त्यांनी उठून त्याच आवाजाचा अर्थ ‘आता निजा’ असा लावावा, तशातला हा प्रकार झाला.

टॅबलेट सस्पेंड होतो, म्हणजे झोपतो, तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी वापरकर्त्याचे सगळे प्रोग्राम गोठवतो, मग एकेका उपकरणाला झोपवतो आणि शेवटी इंटरप्ट, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला द्यायचे इशारे, बंद करतो; ज्या इंटरप्टांना जागे करण्याची मुभा दिलेली असते, तेवढेच पहाऱ्यावर उरतात. पॉवर बटणाचा इंटरप्ट त्यांपैकी एक असतो. बटण दाबताच कर्नल उलट्या क्रमाने उठू लागतो, आणि इंटरप्ट पुन्हा चालू झाले, की तो तुंबून राहिलेला इंटरप्ट ड्रायव्हरच्या हाती पडतो. ड्रायव्हर इमानेइतबारे ‘की-पॉवर’ म्हणजे ११६ क्रमांकाची कळ दाबली गेल्याचे इनपुट व्यवस्थेला कळवतो. ही नोंद वाचायला त्या क्षणी वर कोणी जागे नसते, म्हणून ती रांगेत थांबते. गोठवलेले प्रोग्राम मोकळे होताच ‘लॉगइंड’ ही लॉगिन आणि पॉवर बटण सांभाळणारी सेवा किंवा डेस्कटॉप ती उचलतो आणि पॉवर बटण दाबले म्हणजे झोपायचे या आपल्या नियमाप्रमाणे टॅबलेटला पुन्हा झोपवतो. म्हणजे एकाच वेळी दाबलेल्या बटणाने दोन कामे केली, आणि दुसऱ्या कामाने पहिल्यावर पाणी फिरवले.

मग ड्रायव्हर ही नोंद मुळात करतोच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर अँड्रॉइडमध्ये आहे. तिथे कर्नल जागा झाला म्हणून पडदा उजळतोच असे नाही. येणाऱ्या मेसेजसाठी किंवा गजरासाठी कर्नल दिवसभरात अनेकदा उठतो आणि पडदा अंधारात ठेवूनच पुन्हा झोपतो. माणसाने बटण दाबले आहे हे वरच्या थराला कळले तरच पडदा लावला जातो, आणि ते कळण्याचा मार्ग म्हणजे हीच कळीची नोंद. पडदा बंद असताना पॉवर बटण आले तर अँड्रॉइड त्याचा अर्थ ‘जागे हो’ असा लावतो आणि पडदा चालू असताना आले तर ‘झोप’ असा लावतो. साधा डेस्कटॉप इतका विचार करत नाही. त्यामुळे जी नोंद अँड्रॉइडला हवीच असते, तीच डेस्कटॉपवर गोंधळ घालते. या विषयावर ‘ड्रायव्हर दुरुस्त करा’ असे एका वाक्यात सांगता येत नाही, ते यामुळेच. एकाची दुरुस्ती दुसऱ्याचा बिघाड ठरू शकते.

कोडला हात लावण्यापूर्वी आपले बटण कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे, हे निश्चित करावे. ‘इव्हटेस्ट’ हे छोटे साधन चालवले, की इनपुट उपकरणांची यादी समोर येते. पॉवर बटण या यादीत ‘पॉवर बटन’ या नावाने एसीपीआयच्या (वीज आणि हार्डवेअर हाताळण्याच्या ठरलेल्या मानकाच्या) ड्रायव्हरखाली, ‘जीपीआयओ-कीज’ (प्रोसेसरच्या साध्या पिनांना जोडलेली बटणे) या नावाने, ‘इंटेल एचआयडी’च्या नावाखाली किंवा ‘एएक्सपी२०एक्स-पेक’ या नावाने दिसू शकते. यांतले शेवटचे नाव एक्स-पॉवर्सच्या वीज-व्यवस्थापन चिपसाठीच्या ड्रायव्हरचे आहे. इंटेलच्या बऱ्याच स्वस्त टॅबलेटांत एएक्सपी २८८ ही चिप असते. एकेक उपकरण निवडून बटण दाबून पाहावे. जिथे ‘प्रकार १, कोड ११६, मूल्य १’ आणि बोट उचलताच ‘मूल्य ०’ अशा ओळी उमटतील, तो आपला ड्रायव्हर. पाहणी चालू असताना टॅबलेट मध्येच झोपू नये म्हणून ‘इव्हटेस्ट’ हे ‘सिस्टमडी-इनहिबिट’ या आज्ञेच्या आडोशाने, पॉवर कळ हाताळण्याला मनाई करून चालवावे. त्याच स्थितीत दुसऱ्या टर्मिनलमधून टॅबलेट मुद्दाम सस्पेंड करावा आणि बटणाने उठवावा. उठल्यावर मूल्य १ ची ओळ उमटली, तर वर सांगितलेले निदान पक्के झाले. ती उमटली नाही आणि तरीही टॅबलेट झोपत असेल, तर दोष बटणाचा नाही. कव्हरचे चुंबक आणि झाकण-स्विच यांच्याकडे वळावे.

दोन उपकरणांवर एकाच वेळी ११६ उमटत असेल, तर प्रकार वेगळा आहे. चेरी ट्रेलच्या काही टॅबलेटांत एकच बटण वीज-चिपलाही जोडलेले असते आणि जीपीआयओच्या पिनलाही. दोन्ही ड्रायव्हर बोलू लागले, तर एकदा दाबलेले बटण दोनदा मोजले जाते. याच कारणाने ‘एएक्सपी२०एक्स-पेक’मध्ये चेरी ट्रेलसाठी खास तपासणी घातलेली आहे : एसीपीआयच्या यादीत ‘आयएनटीसीएफडी९’ किंवा ‘एसीपीआय००११’ हे बटणांचे उपकरण असेल, तर हा ड्रायव्हर स्वतःचे इनपुट उपकरण नोंदवतच नाही. आपला टॅबलेट चेरी ट्रेलचा असल्याने आपले बटण बहुधा ‘जीपीआयओ-कीज’कडेच निघेल, असा माझा अंदाज आहे.

आता दुरुस्तीकडे वळू. बटण वीज-चिपच्या ताब्यात असेल, तर काम सोपे आहे. या चिपमध्ये दाबण्याचा इंटरप्ट वेगळा आणि सोडण्याचा वेगळा असतो. बटण जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेले असल्यामुळे विद्युतदाब खाली आला की ‘दाबले’ आणि वर गेला की ‘सोडले’, असा हिशेब आहे. ड्रायव्हरच्या रिज्यूमचा, म्हणजे जागे होण्याचा, जो अगदी आधीचा टप्पा असतो, ज्यात इंटरप्ट अजून बंदच असतात, त्या टप्प्यात चिपमध्ये तुंबलेली दाबल्याची नोंद पुसून टाकायची. एएक्सपी २८८ साठी मुख्य कर्नलमध्ये हे आधीच केलेले आहे, आणि जागे करणारी दाब वरपर्यंत पोचू नये हाच त्याचा हेतू असल्याचे तिथल्या टिपणात स्वच्छ लिहिले आहे. कोणाकडे टॅबलेटसोबत आलेला एखादा जुना कर्नल असेल आणि त्यात हा भाग नसेल, तर तेवढा तुकडा उचलून आणला तरी पुरते. बोट अजून बटणावर असेल आणि नंतर उचलले गेले तरी बाधा येत नाही. सोडल्याची नोंद येते, परंतु इनपुट व्यवस्थेच्या लेखी कळ आधीच सुटलेली असल्याने ती नोंद तिथेच गळून पडते.

‘जीपीआयओ-कीज’मध्ये मात्र हे इतक्या सरळपणे होत नाही. हा ड्रायव्हर बटणाच्या पिनेची स्थिती वाचतो. झोपेतून उठून इंटरप्ट हाताळेपर्यंत माणसाचे बोट निघून गेलेले असू शकते आणि मग पिनेवर काहीच सापडत नाही. म्हणून झोपेत असताना इंटरप्ट आला, तर हा ड्रायव्हर पिन न वाचता दाबल्याची नोंद आपणहून करतो. अँड्रॉइडसारख्या व्यवस्थेसाठी ती सोय आवश्यकच आहे. आपल्याला ती नको. तेव्हा आपल्या टॅबलेटपुरती तिथे अट घालून, कळीची नोंद न करता पीएम, म्हणजे वीज-व्यवस्थापनाच्या, व्यवस्थेला फक्त ‘या उपकरणाने जागे केले’ एवढेच कळवावे.

बहुतेक जण इथे थांबतात आणि फसतात. नोंद टाळली तरी लगोलग डिबाउन्सची, म्हणजे बटणाचा संपर्क स्थिरावेपर्यंत थांबण्याची, मुदत संपते, ड्रायव्हर पिन वाचतो, बोट अजून बटणावरच असते आणि ‘दाबले’ अशी नोंद त्या वाटेने होतेच. त्याशिवाय रिज्यूमच्या शेवटी हा ड्रायव्हर सगळ्या बटणांची सद्यस्थिती एकदा वर कळवतो, ती तिसरी वाट. तिन्ही वाटा बंद करायच्या, तर प्रत्येक बटणाच्या रचनेत एक खूण ठेवावी लागते : ‘ही दाब जागे करण्यात खर्ची पडली’. खूण उभी असेपर्यंत ‘दाबले’ वर जाऊ द्यायचे नाही. पिनेवर ‘सुटले’ असे प्रथम वाचले जाईल त्या क्षणी खूण पाडायची, आणि त्यानंतरची प्रत्येक दाब नेहमीसारखी मोजायची. बोट निघून गेल्यावर हाताळणी सुरू झाली, तर पहिल्याच वाचनात ‘सुटले’ मिळते आणि खूण लगेच पडते, त्यामुळे ती अडकून राहत नाही.

आपल्या दोन सेकंदांच्या उपायातला दोषही इथेच दिसतो. आपण वेळ मोजली. मोजायला हवे होते ते बोटाचे उचलणे. रिज्यूमला किती वेळ लागेल हे वायफायच्या चिपपासून साठवणुकीच्या चिपपर्यंत अनेकांवर अवलंबून असते. त्यातही आपले घड्याळ ड्रायव्हरच्या रिज्यूम फंक्शनात सुरू होत असेल, तर तुंबलेला इंटरप्ट त्याच्याही आधी हाताळला जाऊ शकतो आणि दाब निसटून वर जाते. टॅबलेट कधी कधी तरीही झोपतो, तो यामुळे. बटण वाया जाण्याचे कारण त्याच्याच पोटात आहे. दाबल्याची नोंद घड्याळ सुरू होण्यापूर्वी निसटली आणि सोडल्याची नोंद मात्र त्या दोन सेकंदांत गिळली गेली, तर कर्नलच्या लेखी कळ दाबलेलीच राहते. मग पुढच्या खऱ्या दाबेने स्थितीत काही बदल होत नाही, आणि बदल नसलेली नोंद इनपुट व्यवस्था मुकाट्याने टाकून देते. सस्पेंड होताना ही व्यवस्था दाबलेल्या कळा आपणहून सोडवून घेते, त्यामुळे हा प्रकार दर वेळी दिसत नाही. परंतु डेस्कटॉपने झोपण्याऐवजी ‘बंद करायचे का?’ अशी पेटी दाखवली असेल, तर हमखास दिसतो. दाबल्याच्या नोंदीला सोडल्याच्या नोंदीची जोड मिळालीच पाहिजे, हा नियम ड्रायव्हर लिहिणाऱ्याने कधी मोडू नये. क्वालकॉमच्या पॉवर कळीच्या ड्रायव्हरमध्ये तर याच्या उलट बाजूची काळजी घेतलेली आहे : दाबल्याशिवाय सोडल्याची नोंद आली, तर तो आधी दाबल्याची नोंद स्वतः घालतो आणि मग सोडल्याची.

बटण एसीपीआयच्या ड्रायव्हरखाली निघाले, तर कोड लिहिण्याआधी कर्नल नवा करून पाहावा. तिथे फर्मवेअर, म्हणजे यंत्रात आधीपासून बसवलेले मूळ सॉफ्टवेअर, दोन वेगळ्या सूचना देऊ शकते. जागे असताना दाबल्याची सूचना सोळाच्या पायावर ८० या अंकाने येते आणि जागे केल्याची २ या अंकाने. अलीकडच्या कर्नलांत उपकरण झोपेत असेल किंवा आलेली सूचना जागे केल्याची असेल, तर हा ड्रायव्हर कळीची नोंद करत नाही.

ड्रायव्हर बांधण्याचे, म्हणजे कंपाइल करण्याचे, काम टॅबलेटवर न करता लॅपटॉपवर करावे. एकटा मॉड्यूल, म्हणजे कर्नलला वेगळा जोडता येणारा ड्रायव्हरचा तुकडा, काही क्षणांत होतो, परंतु संपूर्ण कर्नल बांधायची वेळ आली तर लहान टॅबलेट तापतो, आणि आपल्याकडचे भारनियमन नेमके मध्येच गाठते. सिक्युअर बूट ही फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय चालू असेल, तर सही नसलेला मॉड्यूल कर्नल स्वीकारणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ‘कोड बदलूनही काहीच फरक पडत नाही’ अशा तक्रारीमागे अनेकदा जुनाच मॉड्यूल चालू असतो.

प्रश्न : आमच्या आडत दुकानाच्या काट्यावर वजने टिपण्यासाठी एक टॅबलेट ठेवला आहे. त्याचा प्रोसेसर एआरएम असून त्यावर लिनक्स आहे. सोयाबीनची आवक सुरू झाली, की त्याचे पॉवर बटण एकदा दाबले तरी दोनदा दाबल्यासारखे वागते. शिवाय काही वेळा झोपवला, की तो लगेच आपोआप उठतो. दोन्हींचे कारण एकच असेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्हींची मुळे वेगळी असावीत, म्हणून दोन वेगळ्या चाचण्या कराव्यात.

पहिली तक्रार बहुधा धुळीची आहे. बटणाखालच्या पत्र्याचा संपर्क स्वच्छ असला तरी तो एका झटक्यात जुळत नाही. काही मिलिसेकंद जुळतो-तुटतो आणि मग स्थिरावतो. काट्यावरची भुसकट-माती आत गेली, की हा थरथरण्याचा काळ वाढतो. ड्रायव्हर तेवढा काळ थांबून मगच स्थिती ग्राह्य धरतो; यालाच डिबाउन्स म्हणतात. ‘जीपीआयओ-कीज’साठी डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलीत, काही लिहिले नसेल, तर हा अवधी ५ मिलिसेकंद धरला जातो, आणि आडतीच्या काट्यावर तो फारच तोकडा आहे. ‘इव्हटेस्ट’च्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ छापलेली असते. मूल्य ० ची ओळ आणि त्यानंतरची मूल्य १ ची ओळ यांच्या वेळा वजा करून पाहाव्यात. फरक दहा-पंधरा मिलिसेकंदांचा असेल, तर ते माणसाचे बोट नव्हे. इतक्या चपळाईने कोणालाही दुसऱ्यांदा बटण दाबता येत नाही. डिव्हाइस ट्रीमधील त्या बटणाच्या नोंदीत डिबाउन्सचा अवधी ३० किंवा ५० मिलिसेकंद लिहून ती पुन्हा बांधावी. विंडोज टॅबलेटांच्या बटणांसाठीच्या ड्रायव्हरमध्येही ५० मिलिसेकंदांचा अवधी वापरलेला आहे. वापरणाऱ्याला एवढा उशीर जाणवत नाही. चिपला हा अवधी स्वतः सांभाळता येत नसेल, तर ड्रायव्हर ते काम सॉफ्टवेअरमधल्या टायमरने करतो, तेव्हा त्याची चिंता नको. अर्थात कोडने धूळ निघत नाही. मोसम संपल्यावर बटण उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावे, नाहीतर पुढच्या वर्षी ५० मिलिसेकंदही कमी पडतील.

दुसऱ्या तक्रारीसाठी टॅबलेट आपोआप उठल्यावर ‘सिस’ खालील ‘पॉवर’ या डिरेक्टरीतली ‘पीएम-वेकअप-आयआरक्यू’ ही फाइल वाचावी. नुकतेच कोणत्या क्रमांकाच्या इंटरप्टने जागे केले, ते तीत असते. तो क्रमांक ‘प्रॉक’मधील इंटरप्टांच्या यादीत शोधावा. तिथे पॉवर बटणाचेच नाव निघाले, तर टॅबलेटला उठवणारे आपणच आहात. बटण दाबताच झोपण्याची तयारी सुरू होते, आपले बोट मात्र अजून बटणावर असते. ते उचलले जाते तेव्हा पिनेची स्थिती पुन्हा बदलते, आणि तोही बदल जागे करणारा इंटरप्ट ठरतो. यासाठी ड्रायव्हरमध्ये आयती सोय आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये बटणाला ‘वेकअप-सोर्स’ म्हटलेले असतेच; त्याच्या जोडीला ‘वेकअप-इव्हेंट-अॅक्शन’ हा गुणधर्म लिहून फक्त दाबल्यावर जागे करावे, सोडल्यावर नको, असे सांगता येते. कोडची एक ओळही बदलावी लागत नाही. क्रमांक दुसऱ्याच कोणाचा, उदाहरणार्थ वायफायचा किंवा स्पर्शपटलाचा निघाला, तर बटणाला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयातील टॅबलेटचे पॉवर बटण मुले सारखी दाबतात आणि टॅबलेट थेट बंदच होतो. कर्नलच्या ड्रायव्हरमधून हे बटण निकामी करता येईल का? तसेच टॅबलेट अडकला, तर बटण फार वेळ दाबून धरावे लागते, तो वेळ कमी होईल का?
— एक वाचनालय-चालक, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : करता येईल, पण करू नये. बटण दाबले गेले हे कळवणे ड्रायव्हरचे काम. त्यावर काय करायचे, हे ठरवणे त्याचे काम नव्हे. ‘लॉगइंड’च्या मांडणी फाइलीत ‘हँडल-पॉवर-की’ ही ओळ असते आणि तिचे मूळ मूल्य ‘पॉवरऑफ’ असे आहे; म्हणूनच टॅबलेट थेट बंद होतो. तिथे ‘सस्पेंड’ किंवा ‘इग्नोर’ लिहावे. ‘लॉगइंड’ ज्याचा भाग आहे त्या सिस्टमडीच्या २५० व्या आवृत्तीपासून दीर्घ दाबेसाठी वेगळी ओळ मिळते. आखूड दाब ‘इग्नोर’ आणि दीर्घ दाब ‘पॉवरऑफ’ अशी जोडी वाचनालयासाठी सोयीची पडेल : मुलांच्या चाळ्याने काही होणार नाही आणि संध्याकाळी कुलूप लावताना आपल्याला टॅबलेट रीतसर बंद करता येईल. नोम किंवा तत्सम डेस्कटॉप चालू असेल, तर तो पॉवर कळीचा ताबा स्वतःकडे घेतो आणि वरील ओळी निष्प्रभ ठरतात; त्या वेळी बदल डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये करावा.

अडकलेल्या टॅबलेटला बंद करणारी दीर्घ दाब ही वेगळीच बाब आहे. ती कर्नलच्या हातात नसते; एसीपीआयच्या नियमांप्रमाणे चार सेकंदांहून अधिक दाबून धरल्यास हार्डवेअर परस्पर वीज तोडते. एएक्सपी मालिकेच्या चिपमध्ये हा काळ ४, ६, ८ किंवा १० सेकंद ठेवता येतो, आणि सुरू होण्यासाठी दाबून धरण्याचा काळ १२८ मिलिसेकंद, १, २ किंवा ३ सेकंद. ‘एएक्सपी२०एक्स-पेक’ ड्रायव्हर हे दोन्ही आकडे ‘शटडाउन’ आणि ‘स्टार्टअप’ या नावांच्या फाइलींतून मिलिसेकंदांत वाचू व लिहू देतो. मधलाच आकडा दिला, तर यांतला सर्वांत जवळचा निवडला जातो. वाचनालयासाठी मी बंद होण्याचा काळ कमी करण्याच्या विरोधात आहे. चार सेकंद बटण दाबून धरणे ही मुलांना गंमत वाटेल, आणि अशा तोडण्यात फाइली न मिटताच वीज जाते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. माझ्या टॅबलेटसाठी केलेली पॉवर बटणाची दुरुस्ती मुख्य कर्नलमध्ये जावी, असे वाटते. ती स्वीकारली जाण्यासाठी काय काळजी घ्यावी?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बटणांचे ड्रायव्हर बहुतांशी इनपुट विभागात येतात आणि त्या विभागाचे काम दमित्री तोरोखोव अनेक वर्षे पाहत आले आहेत, इंटेलच्या टॅबलेटांचे काही ड्रायव्हर मात्र एक्स८६ विभागात मोडतात. पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, कोणाकडे पाठवायचा, हे कर्नलसोबत येणारी ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते, आणि मांडणीतील चुका ‘चेकपॅच’ दाखवते. ई-मेल साध्या मजकुराचा असावा, पॅच जोडपत्र म्हणून पाठवू नये, खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ असावी आणि ज्या जुन्या बदलामुळे दोष शिरला तो सापडला असल्यास ‘फिक्सेस’ची ओळही द्यावी. एवढे पाळले, की पॅच नांदेडहून आला की आणखी कुठून, हे कोणी पाहत नाही.

खरी कसोटी वेगळीच आहे. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे आपल्या टॅबलेटची दुरुस्ती दुसऱ्याच्या टॅबलेटवर बिघाड ठरू शकते, आणि तपासणारा पहिला प्रश्न हाच विचारणार. म्हणून बदल सरसकट न करता डीएमआयमधील, म्हणजे फर्मवेअरमध्ये ठेवलेल्या यंत्राच्या माहितीतील, निर्मात्याचे व मॉडेलचे नाव पाहून तेवढ्याच टॅबलेटला लागू करण्याची रीत आहे. परंतु स्वस्त टॅबलेटांत ही नावे भरण्याचे कष्ट कित्येकदा कोणी घेतलेले नसतात. ‘डीएमआयडीकोड’ चालवले, तर निर्मात्याच्या जागी ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ किंवा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असले मजकूर निघतात. अशा वेळी नुसत्या नावावर जुळणी केली, तर आपला बदल भलत्याच शेकडो यंत्रांना जाऊन चिकटेल. त्यासाठी मदरबोर्डचे नाव आणि बायोसची तारीख, अशा दोन-तीन नोंदी एकत्र जुळवाव्यात. कर्नलमध्ये अशी उदाहरणे पुष्कळ आहेत.

पॅचच्या वर्णनात ‘बटण नीट चालत नव्हते, आता चालते’ असे लिहू नये. झोपेतून उठल्यावर मूल्य १ ची नोंद येत होती, ती या इंटरप्टमुळे येत होती, बदलानंतर ती येत नाही, आणि जागे असताना दाबल्यास पूर्वीप्रमाणे १ व ० ही जोडी येते, अशा क्रमाने लिहावे. बोट लगेच उचलून आणि मुद्दाम उशिरा उचलून, अशा दोन्ही तऱ्हांनी चाचणी केल्याचा उल्लेख अवश्य करावा. पहिल्या तऱ्हेत यशस्वी झालेले पॅच दुसऱ्या तऱ्हेत सर्रास नापास होतात, आणि तपासणाऱ्यांना ते ठाऊक असते.